परिपाठात हात कोणी जोडायचे?

हिंगणघाट तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत परिपाठाच्या वेळी जाऊन उभं राहा. घंटा होते, मुलं उंचीप्रमाणे रांगा धरतात, एक जण खड्या आवाजात 'सावधान, विश्राम' म्हणतो. मग राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी पसायदान. शाळेगणिक क्रम थोडाफार बदलतो, यादी फारशी बदलत नाही. यातलं उद्देशिकेचं वाचन २६ जानेवारी २०२० पासून राज्यभर सक्तीचं झालं, राज्यगीत २०२३ साली आलं. प्रार्थना मात्र कोणत्या आदेशाने आली हे मुख्याध्यापकांना विचारलं तर ते बुचकळ्यात पडतात. ती आधीपासूनच आहे.

म्हणजे असं की, देश धर्मनिरपेक्ष असल्याचं मुलं मोठ्याने वाचतात आणि लगेच डोळे मिटून, हात जोडून देवाला आळवतात. या दोन गोष्टी एकमेकींना खेटून उभ्या आहेत, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. एखाद्याच्या येतं. तो रांगेत उभा असतो आणि तो काही बोलत नाही.

त्या रांगेत कोण कोण असतं? हिंगणघाट हे वणा नदीकाठचं, लाखाच्या घरातल्या वस्तीचं, कापसावर वाढलेलं गाव. इथल्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात घेतलं जाई. जिनिंग, गिरण्या आणि बाजारपेठ यांच्यामागे नाना जातींची, नाना धर्मांची माणसं इथे आली. कुणबी, तेली, माळी आहेत. मारवाडी आणि जैन व्यापारी आहेत. मुसलमानांचे मोहल्ले आहेत, गोंड आहेत, आणि मोठी बौद्ध वस्ती आहे. नागपूरची दीक्षाभूमी इथून मोटारीने दीड तासाच्या वाटेवर. शेजारच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथे नवस बोलणाऱ्यांत हिंदूंची गर्दी मुसलमानांइतकीच. (त्या टेकडीवर गोलसर दगड सापडतात. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल शापाने दगड झाला, अशी कथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइटचे गोळे म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच वर्गात सांगता येतात, कुणाचं काही बिघडत नाही.)

त्यामुळे इथल्या शाळेत एखाद्या पोराच्या मनगटावर गिरडचा धागा दिसतो, दुसऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, तिसरीच्या कपाळावर टिकली, चौथ्याच्या गळ्यात ताईत, पाचव्याच्या दप्तरावर निळ्या शाईने लिहिलेलं 'जय भीम'. रमजानमध्ये एखादी मुलगी मधल्या सुट्टीत खिचडी घेत नाही. मैत्रिणी विचारतात, ती 'रोजा' म्हणते, विषय संपतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि लहान मुलं लाकडी बैल सजवून आणतात. याच वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर त्याच्या प्रचंड लाकडी नंदींमुळे दूरवर माहीत आहे. त्यात धर्म किती आणि हौस किती, हे बैल ओढणाऱ्या पोराला विचारून उपयोग नाही.

इथवर सगळं मुलांचं आहे. मुलं घरून आपापला धर्म अंगावर, डब्यात, बोलण्यात घेऊन येतात आणि तो एकमेकांना सहज दाखवतात. यातून भांडण क्वचितच होतं. भांडण होतं ते शाळा स्वतः धर्म करायला लागते तेव्हा. 'शाळेत धर्म असावा की नसावा' असा प्रश्न टाकून आपल्याकडे वाद घातला जातो, आणि म्हणूनच तो कुठे पोचत नाही. मुलाने स्वतःहून केलेलं आणि शाळेने त्याच्याकडून करवून घेतलेलं, या दोन गोष्टी आधी वेगळ्या काढायला हव्यात. आपल्या संविधानाने त्या बऱ्याच अंशी वेगळ्या काढल्याही आहेत.

संविधानाचं कलम २८ लहानसं आहे, पण शिक्षणाच्या पदविकेत ते कुणी नीट शिकवत असेल असं वाटत नाही. त्याचं पहिलं पोटकलम म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. हिंगणघाटातल्या जिल्हा परिषदेच्या आणि नगर परिषदेच्या शाळा यात येतात. दुसरं पोटकलम एक अपवाद सांगतं: एखाद्या न्यासाने धार्मिक शिक्षणासाठीच काढलेली आणि आता सरकार चालवत असलेली संस्था. आपल्या कामाचं आहे ते तिसरं. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही, त्याची संमती असल्याशिवाय, तिथल्या धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येणार नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची. गावोगावच्या शिक्षण मंडळांची खासगी अनुदानित हायस्कुलं, विनाअनुदानित पण मान्यता घेतलेल्या इंग्रजी शाळा, मिशनच्या शाळा, सगळ्या या पोटकलमात बसतात.

संमती आधी हवी, हे इथे महत्त्वाचं. 'नको असेल तर सांगा, सूट देऊ' असं ते कलम म्हणत नाही. 'हो म्हटलं असेल तरच' असं म्हणतं. प्रवेश अर्जावर जात, पोटजात, धर्म, आधार क्रमांक, बँक खातं या सगळ्यांना रकाने असतात. प्रार्थनेला संमती आहे का, असा रकाना असलेला अर्ज माझ्या पाहण्यात आलेला नाही.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी धर्माचं शिक्षण आणि धर्मांचा अभ्यास यांत फरक केला. अमुक देव मान, अमुक पैगंबर मान, अमुक वचन खरं मान, असं शिकवणं हे धार्मिक शिक्षण. धर्मांचा अभ्यास किंवा संशोधन ही निराळी बाब. एका धर्माच्या शिकवणीसाठी सगळ्यांच्या करातला पैसा वापरता येत नाही, हाही त्यामागचा विचार होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात याच धाग्याने निकाल दिला: शाळेत सर्व धर्मांची ओळख करून देण्यात वावगं काही नाही.

मग परिपाठातली प्रार्थना म्हणजे शिक्षण, उपासना, की नुसती शिस्तीची सवय? इथे वकिलांना रान मोकळं मिळतं. केंद्रीय विद्यालयांत सकाळी म्हटल्या जाणाऱ्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेविरुद्ध जबलपूरच्या एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारतर्फे सांगण्यात आलं की हे उपनिषदांतलं असलं तरी नीतीचं वचन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचं स्वतःचं बोधवाक्यही महाभारतातून आलेलं आहे. उत्तर हजरजबाबी होतं. जानेवारी २०१९ मध्ये खंडपीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला.

या प्रश्नाचा इतिहास वर्ध्यात फार जवळून घडला आहे. हिंगणघाटाहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, वर्धा शहरातल्या नवभारत विद्यालयात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून जी योजना निघाली ती देशभर 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' म्हणून ओळखली गेली. हाताला काम, कामातून शिक्षण, मातृभाषेचं माध्यम. अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते, पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले तेच. सेवाग्रामला या योजनेची शाळा उभी करणाऱ्यांत आर्यनायकम होते, जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती. आणि त्यांच्या पत्नी आशादेवी, बंगाली घराण्यातल्या. सूत कातणं, बागकाम, सफाई, गणित, समाजशास्त्र हे सगळं त्या योजनेत होतं. धर्म हा विषय नव्हता.

रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नसे त्या गांधीजींच्या योजनेतून धर्म वगळलेला पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटलं. त्यांनी १९३८ साली 'हरिजन'मधून उत्तर दिलं. त्याचा आशय असा की आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात त्याने एकी होण्याऐवजी भांडणंच होतील अशी भीती वाटते, म्हणून ते योजनेबाहेर ठेवले. सर्व धर्मांना समान असलेली सत्यं मात्र मुलांना शिकवता येतील आणि शिकवावीत. पण तीही पुस्तकातून नव्हे, शिक्षकाच्या रोजच्या वागण्यातून. पुढे स्वातंत्र्य तोंडावर आलं तेव्हाही त्यांचं म्हणणं हेच राहिलं की धर्मशिक्षण हे सरकारचं काम नाही, ते त्या त्या धर्माच्या संस्थांनी आपापलं करावं. मला हा निर्णय नई तालीममधल्या चरख्याइतकाच मोलाचा वाटतो, आणि चरख्याइतकाच तो आपण संग्रहालयात ठेवून दिला आहे.

सेवाग्राम आश्रमात प्रार्थना होत होती, आजही होते. तिच्यात जपानी बौद्ध मंत्र आहे, उपनिषद आहे, कुराणातली पहिली सूरा आहे, पारशी गाथेतला अंश आहे, भजन आहे. पण आश्रमात माणूस आपण होऊन येतो. सहा वर्षांच्या मुलाला शाळेत बाप आणून सोडतो, आणि आता तर सहा ते चौदा वयापर्यंत शाळेत जाणं कायद्यानेच ठरवलेलं आहे. जिथून उठून जाता येत नाही तिथे प्रार्थनेला वेगळा नियम लागतो.

योजनेतून धर्म काढला तरी भांडण टळलं नाही, आणि ते का टळलं नाही हे पाहण्यासारखं आहे. त्या वेळी हिंगणघाट मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं. प्रांतात काँग्रेसचं सरकार, शिक्षणखातं रविशंकर शुक्लांकडे. त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढण्याची एक चांगली योजना आणली: गावकऱ्यांनी जमीन दान द्यायची आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. शाळेचं नाव ठेवलं 'विद्यामंदिर'. मुसलमानांनी नावाला हरकत घेतली. मंदिरात आमची मुलं कशी पाठवायची? त्याच काळात शाळांमधून 'वंदे मातरम्' म्हटलं जाई, आणि मुलांना गांधीजींच्या तसबिरीपुढे हात जोडायला लावतात अशाही तक्रारी झाल्या. गीताच्या प्रश्नावर काँग्रेस कार्यसमितीने ऑक्टोबर १९३७ मध्येच पहिली दोन कडवी तेवढी म्हणावीत असा ठराव केला होता. तरी १९३८ च्या अखेरीस मुस्लिम लीगच्या पीरपूर समितीचा अहवाल आला. काँग्रेसच्या प्रांतांतल्या मुसलमानांच्या गाऱ्हाण्यांची ती जंत्री होती, आणि तिच्यात वंदे मातरम्, विद्यामंदिर आणि वर्धा योजना तिन्ही होती.

लीगला यात राजकारण करायचं होतं, हे उघड आहे. शुक्लांच्या मनात कुणाला बाटवण्याचा विचार नव्हता, हेही उघड आहे. मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या हिंदूला 'विद्यामंदिर' या नावात देऊळ ऐकूच येत नाही. बहुसंख्याकांचा धर्म त्यांना स्वतःला धर्म म्हणून दिसत नाही, तो त्यांना नुसता 'आपलं नेहमीचं' म्हणून दिसतो. पीरपूर अहवालातली अतिशयोक्ती बाजूला काढली तरी ही गोष्ट उरते. विदर्भातल्या शाळांनी ती नव्वद वर्षांपूर्वी पाहिली आहे.

आणखी मागे गेलं तर उलट्या बाजूचा अनुभवही आपल्यापाशी आहे. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला; प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशांनी धडाधड आपली मुलं शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा पोरवयाचा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहायला गेला. कोर्टाने त्याचं वय पाहिलं आणि त्याला बापाच्या ताब्यात दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत तट पडले. या सगळ्याची धास्ती कंपनी सरकारने घेतली होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांत धर्म शिकवायचा नाही असं ठरवलं. बायबल ग्रंथालयात असेल, मुलाने आपण होऊन काही विचारलं तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर सांगावं. परक्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही तडजोड होती. तरीही मुलाने स्वतःहून विचारणं आणि शाळेने शिकवणं यांतला फरक त्या कारकुनी भाषेत नेमका आला आहे.

आता आजच्या हिंगणघाटाकडे येऊ. दसऱ्याला शाळेत सरस्वतीपूजन असतं. एकाचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची, तिला झेंडूचं फूल वाहायचं. आपल्यापैकी अनेकांनी हे हौसेने केलं आहे. आता त्याच वर्गातल्या बौद्ध मुलीचा विचार करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिच्या पणजोबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, राम-कृष्णांना मानणार नाही, गौरी-गणपती आदी देवतांची उपासना करणार नाही, या त्यातल्या पहिल्याच प्रतिज्ञा. त्या प्रतिज्ञा घरात भिंतीवर लावलेल्या असतात. ती मुलगी फूल वाहते तेव्हा घरचं मोडते, वाहत नाही तेव्हा बाईंचा शब्द मोडते. नऊ वर्षांच्या पोरीवर हा निवाडा टाकण्याचं शाळेला काही कारण नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये छगन भुजबळांनी शाळांत सरस्वतीऐवजी सावित्रीबाई फुले, महात्मा फुले, शाहू महाराज, आंबेडकर यांच्या तसबिरी हव्यात असं म्हटलं आणि राज्यभर गदारोळ झाला. तो वाद भिंतीवर कोणाचं चित्र लावायचं एवढ्यावरच अडकला. चित्र कोणाचंही असो, त्याच्यापुढे हात जोडायला लावायचं की नाही, हा प्रश्न त्यात कुणी विचारला नाही. माझ्या मते सावित्रीबाईंच्या तसबिरीलाही हार घालावा, त्यांचं काम वर्गात शिकवावं, पण मुलांना रांगेने पाया पडायला लावू नये. सावित्रीबाईंनाही ते आवडलं नसतं.

प्रार्थनेला विदर्भातल्या शाळांनी काढलेला एक तोडगा मात्र दाद देण्यासारखा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९३६ साली सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात महिनाभर राहिले होते. त्यांनी सामुदायिक प्रार्थनेची जी पद्धत घातली, जी मराठी-हिंदी गीतं लिहिली, त्यांत देवाला एका धर्माचं नाव फारसं नाही, आणि ती इकडच्या शाळांत आजही घोळवून म्हटली जातात. तसंच साने गुरुजींच्या गीतांचं. पसायदानाबद्दल तर असं सांगता येईल की सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मागण्यात कोणाला वगळलेलंच नाही. या गीतांनी बहुतेक घरांची अडचण दूर होते. सगळ्यांची होत नाही. ज्याच्या घरी देवच मानत नाहीत त्याचं काय, आणि अल्लाखेरीज कुणापुढे हात न जोडण्याची शिकवण असलेल्याचं काय? गीत कितीही उदार असलं तरी ते म्हणायची सक्ती उदार होत नाही.

न्यायालयांनी सक्तीच्या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट बोलून ठेवलं आहे. केरळात १९८५ साली एका शाळेतली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची होती. देवाखेरीज कशाचीही स्तुती गायची नाही असं त्यांचं मत. एका आमदाराच्या हे लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी झाली. मुलं शिस्तीची आहेत, अनादर करत नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला आणि तरीही त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला: गायलंच पाहिजे असा कायदा नाही, उभं राहणं हा पुरेसा आदर आहे, मुलांना परत घ्या. राष्ट्रगीताबाबत हे असेल तर प्रार्थनेबाबत काय, ते वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रातलं उदाहरण शिक्षकाचं आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतला शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसे. त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. हात जोडायला भाग पाडणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, असं म्हटलं. मोठ्या माणसाला त्यासाठी अनेक वर्षं भांडावं लागलं. चौथीतला मुलगा कुठे भांडणार? त्याला कोपऱ्यात उभं केलं, टोमणा मारला, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं, एवढं त्याच्या आईबापांना माहीत असलं तरी पुष्कळ.

अमेरिकेत हाच पल्ला तीन वर्षांत गाठला गेला. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने झेंड्याला वंदन न करणाऱ्या मुलांविरुद्ध निकाल दिला, १९४३ मध्ये तोच फिरवला, आणि तेही महायुद्ध चालू असताना. १९६२ मध्ये सरकारी मंडळाने रचलेली शाळेतली प्रार्थना तिथे बंद झाली. मुलाने स्वतः जेवणाआधी हात जोडले तर त्याला कुणी अडवत नाही. इंग्लंडचा मामला उलटा: १९४४ च्या कायद्याने शाळेत रोजची सामुदायिक उपासना सक्तीची केली, आणि पालकांना आपलं मूल त्यातून काढून घ्यायचा हक्कही त्याच कायद्याने दिला. तिथे कायद्यात प्रार्थना आहे आणि बऱ्याच शाळांत नाही. आपल्याकडे सरकारी शाळेला धार्मिक शिक्षणाची मनाई आहे आणि प्रार्थना रोज होते.

पेहरावाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तिथे मूल काहीतरी करायचं टाळत नसतं, काहीतरी घालून येत असतं. फ्रान्सने मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठसठशीत धार्मिक चिन्हांना बंदी घातली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये शीख मुलाला कृपाण कापडात शिवून, कपड्याच्या आत बाळगायची मुभा दिली. आपल्याकडे मुंबईच्या एका मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनीने डोक्यावर रुमाल बांधायची परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण शाळा केवळ मुलींची होती. कर्नाटकातला हिजाबचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी या सगळ्याला मनाई केली. उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीपुरती तिला स्थगिती दिली, वर्गात बुरखा नको म्हटलं, आणि टिळा-टिकलीला बंदी घालाल का, असंही विचारलं.

हा शेवटचा सवाल मला सगळ्यात कामाचा वाटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने राज्यांना पत्र लिहिलं की राखी, टिळा, मेंदी यांवरून मुलांना शिक्षा करू नका. पत्र बरोबरच होतं. काही इंग्रजी शाळांत टिकली आणि बांगड्यांवरून मुलींना खरोखर छळतात. पण राखी चालते तर ताईत चालला पाहिजे, टिळा चालतो तर डोक्यावरचा रुमालही चालला पाहिजे. चेहरा दिसावा, खेळताना इजा होऊ नये, एवढी अट सगळ्यांना सारखी लावावी. हिंगणघाटच्या एखाद्या शाळेत गिरडचा धागा आणि वारीची माळ एका बाकावर बसत असतील तर तिथे नियम मोजायला पट्टी घेऊन जायचं कारण नाही.

मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि भगवद्गीतेच्या पाठांतराचा उल्लेख आला, मनुस्मृतीतला एक श्लोक आला, आणि पुन्हा सगळं पेटलं. असे मसुदे येत राहतील. त्यांच्यावरचे वाद मुंबई-पुण्यात होतील. परिपाठ मात्र गावात होतो, आणि तो बदलायला मंत्रालयात जावं लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती ठेवली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यानंतर समितीची बैठक होते आणि बहुतेक वेळा गणवेश, पोषण आहार व शौचालयाची दुरुस्ती यांवर आटोपते. तुम्ही त्या समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत दोन विषय मांडा. प्रार्थनेच्या वेळी ज्याला नुसतं शांत उभं राहायचं आहे त्याने तसं उभं राहावं आणि त्याला कुणी काही विचारू नये, हा एक. आणि दसऱ्याच्या पूजेला बसायचं की नाही हे आधी घरी विचारलं जावं, हा दुसरा. ठराव दोन ओळींचा होईल आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.